दोन बोटं जागा

अधिक महिना लागला त्या सकाळी जेजुरकरांच्या घरात दोन आनंदाच्या बातम्या एकदमच आल्या. त्या एकमेकींच्या मुळावर येणार आहेत, हे हिरामणच्या ध्यानात आलं नाही.

पहिली बातमी फोनवरून आली. हिरामण जेजुरकरनं आडगावच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये कित्येक वर्षं खपून एक विमान बांधलं होतं. खेळण्यातलं नव्हे, खरंखुरं. एका माणसानं आत बसायचं आणि वर जायचं, असं. त्याची तपासणी करायला मुंबईहून साहेब येणार होते, आणि महिना संपता संपता येणाऱ्या एका शुक्रवारची त्यांनी तारीख दिली होती. साहेब 'ठीक' म्हणाले की पहिल्या उड्डाणाची परवानगी. नाही म्हणाले तर फाईल पुन्हा रांगेच्या शेपटाला.

दुसरी बातमी स्वयंपाकघरातून आली.

"मोहिनीचा लग्नानंतरचा पहिला अधिक आहे," विमलाबाई म्हणाल्या. "जावयाला धोंड्याचं जेवण करायचंय. आपल्याकडं तर करायचंच, पण विंचूरचा दादा आणि चांदवडची ताई पण बोलावू राहिलेत."

"बोलावू दे की," हिरामण म्हणाला. फोनच्या आनंदात त्या वेळी त्यानं जावयाला हत्तीवर बसवायलाही होकार दिला असता. "तीन वर्षांतनं एकदा तर येतो अधिक."

जावई म्हणजे महेश विधाते. मखमलाबादला त्यांचं जरबेराचं पॉलिहाऊस. मुलगा उंचीनं दारातून वाकून येणारा आणि स्वभावानं कोणालाही नाही न म्हणणारा. पण हिरामणच्या लेखी त्याचा मुख्य गुण वेगळाच होता. महेशकडे विमान चालवायचा परवाना होता. शिकला होता विमान. नोकरी काही लागली नाही, तेव्हा घरच्यांनी त्याला फुलांत घातलं. स्थळ घेऊन आलेल्या मध्यस्थानं घर, शेती, माणसं, स्वभाव सगळं सांगून झाल्यावर जाता जाता "पायलट पण झालेला आहे पोरगा" असं म्हटलं, आणि चहा यायच्या आत हिरामणचा होकार झाला. मोहिनीलाही मुलगा पसंत पडला, हे सगळ्यांचं नशीब.

विमानाचे नकाशे परदेशातून मागवलेले होते आणि मूळ रचना बेताच्या अंगाच्या माणसासाठी, म्हणजे हिरामणसारख्यासाठीच होती. हिरामण स्वतः उंचीनं आणि अंगानं कोथिंबिरीच्या जुडीएवढा. सुरुवातीला विमान तोच उडवणार होता. पण परवाना म्हणजे अभ्यास, परीक्षा, डॉक्टरी तपासणी असं एकेक कानावर यायला लागलं, तेव्हा "आता आपलं वय झालं" असं त्यानं परस्परच ठरवून टाकलं आणि विमान नुसतं बांधत राहिला. अंबडच्या कारखान्यात द्राक्षबागेच्या फवारणीच्या टाक्या करण्यात त्याचा जन्म गेलेला, पत्र्यावर हात बसलेला. जावई ठरला, आणि अर्धं झालेलं विमान त्यानं पुन्हा कापून लांब-रुंद करायला घेतलं.

माप साखरपुड्याच्या आधी घेतलं. जावयाला सूट शिवायची रीत असते, त्या निमित्तानं. शिंपी खांदे, छाती, बाही घेऊन टेप गुंडाळायला लागला, तर हिरामण म्हणाला, "आता बसल्याची उंची घ्या. बुडापासून डोक्यापर्यंत. मग बुडापासून गुडघ्यापर्यंत."

"सुटाला ती कशाला लागती?"

"घ्या तर खरं. आणि बसल्यावर पोट किती पुढं येतं, तेही घ्या."

शिंप्यानं महेशकडे पाहिलं. महेशनं स्वभावाप्रमाणे नाही म्हटलं नाही. तो खुर्चीवर ताठ बसून राहिला.

ह्या मापांवर हिरामणनं आतली बैठक बेतली. डोक्यावर काचेचं झाकण बंद व्हायला हवं, पाय पेडलला पोचायला हवेत, ते सगळं जमलं. खरी मेख होती ती दांड्याची. अशा विमानात बसणाऱ्याच्या दोन गुडघ्यांमधून एक दांडा वर येतो. तो पुढं ढकलला की विमानाचं नाक खाली, आणि पोटाकडे ओढला की नाक वर. दांडा पूर्ण ओढला तरी तो पोटाला अडता कामा नये, म्हणून हिरामणनं दोन बोटं जागा सोडली. जास्त सोडता येत नव्हती. सीट आणखी मागं नेली तर विमानाचा तोल जात होता. ह्या दोन बोटांचा त्याला भारी अभिमान. जेवताना, टीव्ही बघताना, पाहुण्यारावळ्यांत तो उजव्या हाताची दोन बोटं जोडून दाखवायचा. "एवढीच जागा. दोन बोटं. ना कमी, ना जास्त." विमलाबाई "हं" म्हणायच्या आणि तव्यावरची भाकरी उलटायच्या.

एक गोष्ट मात्र हिरामणनं लक्षात घेतली नाही. लग्न ठरलेले मुलगे सकाळ-संध्याकाळ जिमला जातात, रात्री काकडी खातात आणि फोटोसाठी पोट आत ओढून चालतात. त्या दिवसांत घेतलेलं माप जो कायमचं धरून चालतो, तो माणूस एक तर भोळा असतो नाही तर त्याला विमान बांधायची घाई झालेली असते. तारीख कळल्यावर महेशला एकदा आत बसवून पाहिलं, तेव्हा दोन बोटांचं जेमतेम एक बोट उरलं होतं. "पुरे आहे," हिरामण स्वतःशी म्हणाला. "शुक्रवारपर्यंत एक बोट सांभाळायचं, बस."

आणि पहिलं जेवण झालं ते त्याच्याच घरी. पाट, रांगोळी, तांब्याच्या ताम्हनात तेहतीस अनारसे आणि त्यावर दिवा. ताटात पुरणाचे धोंडे, त्यांवर तुपाची धार, बाजूला आमरसाची वाटी; वाटी कसली, तपेलीच ती. महेशनं पहिला धोंडा खाल्ला, तेव्हा हिरामण कौतुकानं बघत होता. दुसऱ्याला त्याचं लक्ष जावयाच्या सदऱ्याच्या बटणांवर गेलं. तिसऱ्याला त्यानं मांडीवर ठेवलेल्या हाताची दोन बोटं नकळत जोडून पाहिली, मग त्यातलं एक मिटलं. विमलाबाई चौथा घेऊन आल्या आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "महेशराव, बास करा आता."

पंगतीतले हात ताटांवरच थांबले. धोंड्याच्या जेवणात सासऱ्यानं जावयाला बास म्हणायचं, हे आडगावात कोणी ऐकलं नव्हतं.

"काय बोलू राहिले तुम्ही?" विमलाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं. "जावयाला?"

"तसं नाही. मी आपलं तब्येतीसाठी..."

"मामा गंमत करतात," महेश म्हणाला, आणि सासऱ्याची लाज राखायला त्यानं आणखी दोन धोंडे मागून घेतले.

विंचूरला असं व्हायला नको, म्हणून हिरामणनं दुसऱ्या दिवशी मेहुण्याला परस्पर फोन लावला. गोटीराम विंचूरचा कांद्याचा व्यापारी, घसघशीत माणूस.

"गोटीरामभाऊ, जावई येतील तुमच्याकडं. जरा गोडाचं बेतानं करा."

"का बरं? धोंड्याच्या जेवणात बेत कसला?"

हिरामणला विमानाचं सांगायचं नव्हतं. गोटीराम हसला असता. घाईघाईत जे सुचलं ते त्यानं सांगितलं. "त्यांना जरा... शुगरचं सांगितलंय डॉक्टरांनी."

"अरं देवा! एवढ्या कवळ्या वयात?"

"थोडीच आहे. कोणाला बोलू नका."

गोटीराम शब्दाचा पक्का. तो कोणाला म्हणजे कोणाला बोलला नाही, फक्त बायकोला बोलला. बायको फक्त चांदवडच्या नणंदेला बोलली. नणंदेची जाऊ माहेरची मखमलाबादची निघाली. संध्याकाळच्या चहाला बातमी विधात्यांच्या ओट्यावर पोचली आणि वाटेत तिनं चांगलं बाळसं धरलं होतं: मुलाला लहानपणापासून साखर आहे, दोन वेळा सुई घेतो, आणि लग्न जमवताना हे लपवलं.

महेशच्या आई सविताबाई यांचा फोन आला, तो विमलाबाईंनी घेतला. घ्यायचं कामच नव्हतं, तो ओट्यावरूनही ऐकू आला असता.

"विहीणबाई, आमच्या घरात कोणाला साखर नाही! माझे सासरे नव्वदीत दोन वाट्या बासुंदी पीत होते! माझ्या पोराला आजारी पाडलं कोणी?"

विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हिरामण ड्रिलच्या वायरीची गाठ सोडवत होता. ती गाठ सुटता सुटत नव्हती.

"सविताबाई, कोणाचा तरी गैरसमज झालाय," विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. "असं करू. दादाकडं विंचूरला सगळेच जमू. तुम्ही या, चांदवडचे येतील. महेशराव सगळ्यांदेखत जेवतील. लोकांची तोंडं आपोआप बंद होतील."

हा तोडगा सगळ्यांना पटला. न पटायला हिरामण एकटाच होता आणि त्याला कोणी विचारलं नाही.

विंचूरला गोटीरामच्या खळ्यावर मांडव घातला होता. एका बाजूला कांद्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला पंगत, मध्ये महेशचा पाट. जेवण कसलं, ते साक्षीपुराव्याचं कामच होतं. महेशनं घास घेतला की चाळीस डोळे त्याच्या तोंडाबरोबर हलायचे. सविताबाई लेकाच्या पाठीशी बसल्या होत्या. "घे रे अजून, बघू दे सगळ्यांना." मग त्यांची नजर हिरामणकडे वळली. "व्याही, तुम्ही का लांब? तुमच्या हातानं वाढा ना. का अजून काळजी वाटते तब्येतीची?"

हिरामण उठला. त्यानं अनारशाचं ताट उचललं आणि जावयासमोर ओणवा झाला. ज्या हातानं दोन बोटं जागा मोजून सोडली होती, त्याच हातानं तो ती बुजवत होता. पहिला अनारसा दिला, दुसरा दिला. तिसरा सविताबाईंनी त्याला जावयाच्या तोंडात भरवायला लावला, कारण चांदवडच्या ताईंना फोटो काढायचा होता.

जेवणं झाल्यावर गोटीरामनं आपली कल्पना काढली. त्यानं महेशला कांद्याच्या वजनकाट्यावर उभं केलं. जेवणाच्या आधीही एकदा केलं होतं म्हणे.

"बघा, बघा! पाव्हणं आले तेव्हा किती आन् आता किती! याला साखर हाय म्हणं! आजारी माणसाचं वजन असं एका बैठकीत वाढत नाय!"

टाळ्या पडल्या. सविताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि आकडा पाहून चांदवडच्या ताईंचा चेहरा उतरला. "आमच्याकडं ह्याच्यापेक्षा कमी भरलं तर लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, आणि चांदवडचं जेवण दोन दिवसांचं झालं. तिथून वणीला गडाच्या पायथ्याशी विमलाबाईंची एक मामेबहीण निघाली. ती आजवर कोणाला माहीत नव्हती, पण तिचा मान मोडता येत नव्हता.

माणूस आटोक्यात राहत नाही म्हटल्यावर हिरामण विमानाच्या मागं लागला. त्यानं सीटवरची गादी काढली. महेश खाली बसला तर पोट पसरून दांड्याला आणखी जवळ आलं. पाठ मागं कलती केली. दांड्याला जागा झाली, पण पाय पेडलपासून सुटले. पेडल जवळ आणले, तर उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागायला लागले. शेवटी त्यानं दांडाच मधोमध वाकवला, म्हणजे पोटाला वळसा घालून येईल. आता तो पुढं ढकलला की डॅशबोर्डवरच्या मीटरला ठोकर बसत होती. एका ठिकाणचं अडलेलं काढावं तर ते दुसऱ्या ठिकाणी जाऊन अडत होतं. हरून त्यानं सगळं होतं तसं करून ठेवलं.

मग त्यानं जावयाला पहाटे पळायला न्यायला सुरुवात केली. महेश नाही म्हणाला नाही. दोघं आडगावातून हमरस्त्यानं निघत, महेश पुढं आणि हिरामण मागून धापा टाकत. पहिल्या दिवशी हिरामण मागं पडला आणि जावयाला गाठलं तेव्हा जावई एका मिसळीच्या दुकानात बसला होता. मालक ओळखीचा निघाला, "पाव अजून घ्या" म्हणाला, आता त्याला नाही कसं म्हणायचं? घरी आल्यावर विमलाबाईंनी दोघांना लिंबूसरबत दिलं. जावयाच्या पेल्यात साखर सढळ होती, पण तेव्हा ते हिरामणला खटकलं नाही. जावई म्हटल्यावर असायचीच.

शुक्रवार उजाडला. साहेब वेळेवर आले. चष्मा लावलेला, कमी बोलणारा माणूस. शेडसमोर विमान उभं होतं, पांढरं, वरून निळा पट्टा. साहेबांनी पंख हलवून पाहिले, रिव्हेटवरून बोट फिरवलं, वाकून चाकांखाली पाहिलं, इंजिनाजवळ बराच वेळ उभे राहिले. हिरामण त्यांच्या मागं मागं. पोरीच्या लग्नात त्याला इतकी धाकधूक झाली नव्हती.

"काम फार चांगलं आहे," साहेब म्हणाले. "फार म्हणजे फारच. पायलट कोण?"

महेश पुढं आला. विंचूरहून मुद्दाम काटा घेऊन आलेल्या गोटीरामनं त्याचं वजन केलं आणि आकडा अभिमानानं ओरडून सांगितला. साहेबांनी चष्मा पुसला, आकडा स्वतः पुन्हा पाहिला आणि लिहून घेतला.

"बसा आत."

महेश पंखावर चढला. आधी एक पाय, मग दुसरा. मग तो थोडा थांबला, हात वर केले आणि खाली उतरत गेला. कमरेशी अडला. हिरामणनं खांद्यावर हलकेच दाब दिला, गोटीरामनं हलकेच नव्हे असा दिला, आणि महेश खट्कन बसला. काचेचं झाकण लागलं. हिरामणचा जीव भांड्यात पडला.

साहेब शेपटीपाशी जाऊन उभे राहिले. "दांडा पूर्ण मागं ओढा."

शेपटीची फळी उचलली गेली आणि अर्ध्यावर थांबली.

"पूर्ण ओढा."

"पूर्णच ओढलाय, साहेब," आतून आवाज आला.

साहेब पुढं आले, काचेतून आत पाहिलं. दांडा जावयाच्या पोटात रुतून बसला होता. "श्वास सोडा." महेशनं श्वास सोडला. फळी थोडी आणखी वर आली. "घ्या." घेतला. फळी खाली गेली. साहेबांनी हा प्रयोग दोनदा केला. तिकडं मळ्याच्या बांधावर बायामाणसं जमली होती, त्यांना वाटलं विमान शेपटी हलवून नमस्कार करतंय.

"हवेत असं किती वेळ श्वास सोडून बसणार?" साहेबांनी विचारलं. महेशचा चेहरा हिरामणला विचित्र शांत वाटला. लग्नात अंतरपाट दूर झाला, तेव्हाही तो इतका निवांत दिसला नव्हता.

पुढची अडचण महेश बाहेर यायच्या वेळी आली. तो येईना. गोटीरामनं काखेत हात घालून ओढला, त्याबरोबर अख्खं विमान उचललं जायला लागलं. विमलाबाई म्हणाल्या, "ओढू नका हो, लागंल त्यांना." शेवटी हिरामणनं ड्रिल आणलं आणि डाव्या बाजूचा पत्रा काढायला बसला. जगबुडी झाली तरी सुटणार नाहीत अशा हिशेबानं त्यानं ते रिव्हेट एकेक करून ठोकले होते. आता ते एकेक करून त्यालाच उडवावे लागत होते, आणि त्याला रडू येत होतं. उन्हामुळे डोळे चुरचुरतात, असं त्यानं गोटीरामला सांगितलं.

साहेबांनी जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "विमानात खोट नाही, जेजुरकर. माणूस मापात आणा. सहा महिन्यांनी पुन्हा येतो."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर हिरामण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसला. त्यानं मनाची समजूत घालायला घेतली होती. "सहा महिने काही कमी नाहीत. आता आषाढ, मग श्रावण, चातुर्मासच लागतो. उपासच उपास. उतरतील महेशराव."

"हो ना," विमलाबाई परातीत पीठ मळत म्हणाल्या. "श्रावणातले सोमवार, मग नवरात्राचे नऊ दिवस. माझं झालंय सविताबाईंशी बोलणं. त्या खिचडी करतील, तुपातले बटाटे करतील. मी राजगिऱ्याचे लाडू पाठवीन. शिंगाड्याचा शिरा, साबुदाण्याचे वडे. पोरानं उपास धरला म्हणून उपाशी थोडंच ठेवायचं?"

हिरामण मान डोलावत ऐकत होता. लाडवांपाशी त्याची मान थांबली. सरबतातली सढळ साखर त्याला आठवली, वणीची मामेबहीण आठवली, विंचूरला सगळ्यांना जमवायची कल्पना कोणाची होती तेही आठवलं.

"विमल," तो हळूच म्हणाला. "किती जागा होती, तुला माहीत होतं?"

विमलाबाईंनी पिठानं माखलेल्या हाताची दोन बोटं जोडून वर केली. "तुम्हीच तर रोज दाखवत होता."

हिरामणला संताप आला. "अगं, माझ्या इतक्या वर्षांच्या मेहनतीवर तू तूप ओतलंस! विमान पक्कं आहे! साहेब स्वतः म्हणाले, खोट नाही!"

"असंल की."

"मग भीती कसली?"

"पक्कं आहे, तर तुम्ही का नाही बसलात त्याच्यात कधी?" विमलाबाईंनी परात बाजूला सारली. "तुमचं वय झालं म्हणून तुम्ही बसायचं नाही. आणि त्याचं वय व्हायचंय अजून, म्हणून त्यानं बसायचं? मोहिनीचा नवरा आहे तो."

"मला तोंडानं सांगायचं होतंस."

"तोंडानं सांगितलेलं तुम्ही ऐकलंय कधी? आणि जावयाला 'बसू नका' म्हणावं तर त्याचा मान जातो, तुमचाही जातो. जेवू घातल्यानं कोणाचा मान जात नाही."

हिरामण उठून शेडकडे गेला. विमान उघड्या बरगडीनं उभं होतं. इकडं तिकडं पाहून तो पंखावर चढला आणि आत उतरला. इतक्या वर्षांत तो त्यात पहिल्यांदाच बसत होता. विहिरीत उतरावं तसा तो आत गेला. पाय पेडलपासून वीतभर वर लोंबत राहिले आणि समोर पाहिलं तर डॅशबोर्डच्या वर काही दिसेना. दांडा त्यानं ओढून पाहिला, पार मागं आला, कुठंही अडला नाही. विमलाबाईंचा प्रश्न मात्र अडून बसला होता. आपल्याला अडवत होती ती भीती, वय नव्हे, हे त्याला तिथं बसल्या बसल्या कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. लाज ओसरल्यावर मात्र त्याला एकदम हलकं वाटलं.

घरी परत आला तो तरातरा. "मीच काढतो परवाना," त्यानं जाहीर केलं. "अभ्यास करीन, डॉक्टरकडं जाईन. महेशराव शिकवतील जमिनीवरनं. विमान परत कापतो आणि माझ्या मापाचं करतो. अगदी अंगाबरोबर."

"दोन बोटं जागा ठेवून?" विमलाबाईंनी विचारलं.

"दोन बोटं."

"जेवायला बसा," विमलाबाई म्हणाल्या.

महिनाभर घरात जावयाची पक्वान्नं शिजत होती, पण हिरामणच्या ताटात भाकरी, पिठलं आणि कांदा ह्यापलीकडं काही पडलं नव्हतं. आज ताट आलं, तर त्यात दोन टपोरे धोंडे होते आणि वर तुपाची धार चाललेली होती, ती थांबायचं नाव घेत नव्हती.

"हे काय?"

"पुरण उरलं होतं थोडं."

पुरणाची वाफ अजून निघत होती. उरलेलं पुरण असं वाफाळत नाही, हे हिरामणलाही कळत होतं. तो ताटाकडे पाहत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला आपलीही काळजी वाटत असेल हे त्यानं कधी मापात धरलं नव्हतं.

"एकच पुरे," तो म्हणाला.

"घ्या हो मुकाट्यानं. अंगात काही नाही तुमच्या. वर गार वारं असतं म्हणे."

हिरामणनं धोंडा मोडला आणि तुपात बुडवला. विमान कापायचं, पुन्हा जोडायचं, अभ्यास करायचा, परवाना काढायचा, म्हणजे सहज तीनेक वर्षं जाणार होती. पुढचा अधिक महिना त्याच सुमाराला येत होता. विमलाबाईंनी तिसरा धोंडा वाढला आणि समोर येऊन बसल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.